शुगरसाठी 'पथ्याचं' खाऊन पोटच बिघडलंय – कुणाला अनुभव?

इंदिरानगरची_सून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत असते, आज लिहितेय कारण डोकं चालेनासं झालंय. सासरे, घरात सगळे अण्णा म्हणतात, वय ६९, शुगर निघाल्याला २१ वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन (मिक्सवालं) आणि मेटफॉर्मिन. सासूबाई गेल्यापासून त्यांचं खाणंपिणं माझ्याकडे आलं आणि मी ते फारच मनावर घेतलं. भात बंद, बटाटा बंद, पोहे बंद. सकाळी उठल्यावर रात्रभर भिजवलेली मेथी चावून खायची, नाश्त्याला मोडाची मटकी, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वाडगाभर काकडी-गाजर-बीट, रात्री परत भाकरी, झोपताना इसबगोल. शेजारपाजारी कौतुक पण झालं.

आता दोन महिने झाले, चार घास खाल्ले की "पोट भरलं गं" म्हणून ताट सरकवतात. पोट टम्म, नुसते ढेकर. मागच्या मंगळवारी सकाळी सातला उलटी झाली. मी बेसिन धुवायला गेले तर त्यात गाजराचा कीस, जसाच्या तसा, केशरी. आदल्या दुपारच्या जेवणातला! रात्री तर भूक नाही म्हणून नुसतं ताक घेतलं होतं. कसंतरीच झालं मला ते बघून.

आणि शुगरचा खेळ निराळाच. दुपारी जेवून तासाभराने घाम फुटला म्हणून बघितली तर ६८, आणि संध्याकाळी पाचला मधे काहीही न खाता २९०. मशीन खराब म्हणून शेजाऱ्यांचं आणलं, तेच. नणंदबाई म्हणतात तू बाबांना उपाशी मारतेस. अण्णा म्हणतात आता पथ्यबिथ्य सोडतो, मिसळ आण.

भाकरीऐवजी काय द्यावं? कुणाचं असं पथ्याच्या खाण्यानेच पोट बिघडलंय का?

सिडकोचा_राजा
रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडे दोन पेशंट आहेत, त्यातला एक मी.

पंचवटी_एक्सप्रेस
ताई, मेटफॉर्मिनकडे आधी बघा. माझा अनुभव सांगतो, हसू नका. नवीन गोळी सुरू झाली आणि मी रोज सकाळच्या गाडीने मुंबईला जाणारा माणूस. गाडी नाशिक रोड सोडते, देवळालीपर्यंत ठीक असतं, इगतपुरी यायच्या आत पोटात असं काही गुडगुडायचं की ग्रुपमधल्या लोकांनी मला कायमची दाराजवळची सीट देऊन टाकली. पंधरा दिवस मला वाटत होतं डब्यातली उसळ बाधते. बायकोशी भांडलो त्यावरून. मग डॉक्टरांनी विचारलं गोळी कधी घेता, म्हटलं उपाशीपोटी, चहाच्या आधी. त्यांनी कपाळाला हात लावला. हळूहळू विरघळणारी एसआर गोळी दिली, तीही जेवणाच्या मधेच घ्यायची, आणि डोस हळूहळू वाढवला. आठ दिवसात सगळं जागेवर. उसळीची माफी मागितली.

सिडकोचा_राजा
उसळीची मागितली. वहिनींची?

पंचवटी_एक्सप्रेस
तो धागा वेगळा काढतो.

आजीचं_फडताळ
सूनबाई, जेवण झाल्यावर ओवा, बडीशेप आणि चिमूटभर हिंग ताकातून द्या. कच्ची काकडी-गाजरं म्हाताऱ्या माणसाला जडच. आमच्या वेळी कोशिंबीर म्हणजे डाव्या बाजूला दोन चमचे असायची, आता परातभर सॅलड खातात आणि पोट धरून बसतात.

तर्कटराव
@पंचवटी_एक्सप्रेस, तुमचं बरोबर आहे पण ताईंच्या केसला लागू होत नाही. गोळी नवीन असताना पोट बिघडणं समजू शकतो, अण्णा ती कित्येक वर्षं घेत असणार. मग दोन महिन्यांपूर्वी बदललं काय? गोळी नाही, ताट बदललं. (फार वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, तेवढं तपासून घ्या. पायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरवर ढकलतात.)

निफाडचा_भो
काय भो, गॅसचा विषय निघाला आणि मी नाही असं होईल का. मला व्होग्लिबोज दिली होती, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. ती गोळी पिष्टमय खाणं आतड्यात फुटूनच देत नाही लवकर, म्हणून जेवणानंतरची शुगर उडत नाही. पण न फुटलेलं ते खाली मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू वाटच बघत असतात, आणि मग सुरू होतो बँड. बागेत छाटणीला माणसं होती, मी दुसऱ्या ओळीत जाऊन उभा राहायचो.

त्यातली एक गोष्ट मला डॉक्टरांनी लिहून दिलेली, ती सगळ्यांनी ध्यानात ठेवा. ह्या गोळीसोबत दुसरी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि शुगर एकदम खाली गेली, तर साखर खाऊन पटकन चढत नाही, कारण साखर फुटायचीच अडवलेली असते. ग्लुकोजची पावडरच खिशात पाहिजे. मी दोन पेढे खाऊन थरथरत बसलो होतो.

डबेवाली_मावशी
हे माहीतच नव्हतं. मिस्टरांना तीच गोळी आहे. आजच मेडिकलमधून ग्लुकोज आणते.

रामबाण_रामभाऊ
ताई तुम्ही सगळे चुकीच्या मार्गावर आहात. इन्सुलिन आणि गोळ्या हेच विष आहे. तीन महिने फक्त दुधीचा रस आणि कच्च्या भाज्या, सर्व औषधे बंद, शुगर मुळापासून जाते. माझ्या ओळखीत शेकडो लोक बरे झाले.

तर्कटराव
रामभाऊ, ज्या माणसाच्या उलटीत काल दुपारचं गाजर निघालं त्याला तुम्ही अजून गाजर देताय. आणि २१ वर्षांच्या पेशंटचं इन्सुलिन परस्पर बंद करायला सांगणं हे सल्ला देणं नव्हे. तो माणूस गंभीर आजारी पडू शकतो, कोमात जाऊ शकतो.

रामबाण_रामभाऊ
परदेशातसुद्धा सिद्ध झालंय की आहाराने मधुमेह जातो. वाचन वाढवा.

तर्कटराव
वाढवलंय. तुम्ही म्हणताय तो ब्रिटनमधला अभ्यास, २०१७ साली आला. दिवसाला साधारण ८५० कॅलरीचा आहार तीन ते पाच महिने, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेच्या खाली राहिले. फार मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण त्यात घेतलेले लोक कोण? निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, जाड, आणि इन्सुलिन न घेणारे. अण्णांना त्या अभ्यासाने दारातूनच परत पाठवलं असतं.

जुनी_पोथी
थोडं अवांतर. इन्सुलिन यायच्या आधी मधुमेहाला आहार हाच काय तो उपचार होता. चरकाने प्रमेहाला (मधुमेह त्यातलाच) जव सांगितलेत, सातू म्हणतो ते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. ॲलन यांनी तर पेशंटला अक्षरशः उपाशी ठेवायची पद्धत काढली होती, पोरं हाडाची काडी व्हायची पण काही महिने जास्त जगायची. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं, तेव्हा तो त्या उपाशी आहारावरच होता. शंभर वर्षं झाली, पण पथ्य म्हणजे माणसाचं ताट रिकामं करायचं ही सवय काही आपल्या डोक्यातून जात नाही. ताई, हे तुम्हाला टोचून नाही म्हणत, माझ्या आईच्या बाबतीत मी हेच केलंय.

मिसळ_हाच_धर्म
अण्णांनी मिसळ मागितली ह्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मटकी आहे, म्हणजे प्रोटीन. दही आहे. पापड डाळीचा. रस्सा काळा. फक्त पाव काढा.

सिडकोचा_राजा
पाव काढल्यावर उरतं त्याला आमच्याकडे उसळ म्हणतात, आणि त्यावरून पंचवटीवाल्यांचा संसार मोडता मोडता राहिलाय.

मिसळ_हाच_धर्म
आणि मेथी चावून खाणाऱ्या माणसाला दोन चमचे तर्री दिली तर कुठे बिघडलं?

काढून_ठेवलेला_स्टेथो
बिघडेल, पण ते नंतर. मी डॉक्टर आहे, निवृत्त, नाव-गाव विचारू नका आणि हे प्रिस्क्रिप्शन समजू नका. इंदिरानगर ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी अशा आहेत की मी खुर्चीत सरळ बसलो: चार घासात पोट भरणं, अठरा-वीस तासांपूर्वीचं अन्न उलटीत तसंच निघणं, आणि जेवल्याजेवल्या शुगर खाली जाऊन मागाहून वर जाणं.

जठर ही नुसती पिशवी नाही, ते घुसळतं. घुसळून बारीक झालं की थोडं थोडं पुढे आतड्यात सोडतं. हे काम व्हेगस नावाच्या नसेच्या हुकमावर चालतं. पायाच्या नसा शुगरने खराब होतात हे सगळ्यांना माहीत असतं, तशीच ही नस पण होते, आणि मग जठर ढिलं पडतं. अन्न तिथेच बसून राहतं. ह्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. आता इन्सुलिनचा हिशोब बघा. ते आपल्या घड्याळाने काम सुरू करतं, पण साखर रक्तात यायला अन्न आतड्यात पोचायला हवं ना? ते अजून वरच अडकलंय. म्हणून जेवूनही ६८. मग चार तासांनी अन्न एकदाचं खाली उतरतं तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला, म्हणून २९०. वर शुगर चढलेली असली की जठर अजूनच हळू चालतं. म्हणजे दोघं मिळून गोल गोल फिरवतात.

आणि आता तुमच्या ताटाबद्दल. मेथ्या, कच्चं गाजर, मोड, जाड भाकरी, इसबगोल, हे सगळं चांगल्या जठराच्या मधुमेह्यासाठी उत्तमच. पण ढिल्या जठराला चोथा घुसळता येत नाही. कधी कधी त्याचा आत गोळा बसतो, दुर्बिणीतून काढावा लागतो. तेल-तूप पण जठर रिकामं व्हायला उशीर करतं, म्हणून तर्री नको.

हे तेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. आधी दुर्बिणीने बघावं लागतं की वाटेत काही अडथळा, अल्सर नाही ना. पण पोटाच्या डॉक्टरकडे ह्याच आठवड्यात जा, आणि कुठल्या वेळी काय खाल्लं, शुगर किती, हे वहीत लिहून न्या. उलट्या थांबेनात, पोट फार दुखलं, धाप लागली तर आठवड्याची वाट न बघता सरळ दवाखाना.

काढून_ठेवलेला_स्टेथो
एक राहिलंच. कुणी नावात शेवटी 'फ्लोझिन' असलेली शुगरची गोळी घेत असेल आणि वरून भात-पोळी पूर्ण बंद किंवा लांबलचक उपास करत असेल, तर मळमळ-उलट्या ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं) वाढलेले असू शकतात, आणि फसवणूक अशी की त्यात शुगर फार चढलेली दिसेलच असं नाही.

इंदिरानगरची_सून
सर, दोनदा वाचलं. गाजर मी स्वतः किसून, वर लिंबू पिळून, जवळ बसून भरवत होते हो. उद्याची अपॉइंटमेंट घेतली.

आजीचं_फडताळ
रडू नकोस गं. प्रेमानेच भरवलंस.

आहारवाली
मी डाएटिशियन आहे, सातपूरला. स्टेथो सरांना अनुमोदन, फक्त बाकीच्यांनी ह्यावरून लगेच 'चोथा वाईट' असं मनावर घेऊ नये. शुगर असलेल्यांची पोटाची सगळ्यात कॉमन तक्रार बद्धकोष्ठ, आणि तिथे चोथाच कामाला येतो. फक्त लोक काय करतात, आज व्हिडिओ बघितला की उद्यापासून मेथ्या, जवस, ओट्स, मोड सगळं एकदम. पोट फुगणारच. दोन-तीन आठवड्यात हळूहळू वाढवा, कडधान्य भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि मग शिजवा, आणि इसबगोल घेतलं तर वर पाणी भरपूर, नाहीतर ते आतच बसतं.

अजून एक गंमत सांगते. दिवाळीनंतर माझ्याकडे जुलाबाचे पेशंट येतात. 'काय खाल्लं?' 'काहीच नाही मॅडम, फक्त शुगर फ्री काजूकतली.' किती? 'पाव किलो.' अहो त्यात माल्टिटॉल नाहीतर सॉर्बिटॉल असतं, ते नीट शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढून घेतं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण तेव्हा चष्मा कोण शोधतो.

पंचवटी_एक्सप्रेस
पाव किलो!! कसारा घाटात हे झालं असतं तर?

डबेवाली_मावशी
आमच्याकडे आहारवाली ताईंसारख्याच एकींनी जेवायचा क्रम बदलायला सांगितला. आपण सुरुवातच वरण-भात-तुपाने करतो ना, तर तो पहिला भात शेवटी नेला. आधी भाजी, आमटी, मग पोळी, भात मुटकाभर शेवटी. बाकी काहीच बदललं नाही आणि जेवणानंतरची शुगर मिस्टरांची ३०-४० ने कमी यायला लागली. वर शतपावली. सासूबाईंना मात्र अजून पटलेलं नाही, पहिला भात नाही म्हणजे त्यांना पान वाढलंच नाही असं वाटतं.

निफाडचा_भो
शतपावली म्हणजे शंभर पावलं नाही हो मावशी, दहा-पंधरा मिनिटं तरी चालायला पाहिजे. आमचे काका मोजून शंभर चालतात आणि खाटेवर पडतात.

भगर_आमटी
सगळे भाताच्या मागे लागलेत, उपासाच्या भगरीचं काय? एकादशीला भगर-आमटी चालते का शुगरला?

आहारवाली
आमटी आणि ताक जास्त, भगर वाटीभर, तर हो. साबुदाणा हा नुसता स्टार्च, त्यापेक्षा भगर बरीच बरी. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर निर्जळी वगैरे डॉक्टरांना न विचारता नको.

सिडकोचा_राजा
इथे दीक्षित डाएट की दिवेकर डाएट हा वाद सुरू व्हायच्या आत मी विषय बदलतो. एक लाजेचा प्रश्न आहे. वडिलांना रात्री झोपेत जुलाब होतात, दिवसा ठीक. आठवड्यात दोनदा चादर बदलावी लागते. ते कुणाला सांगू देत नाहीत, लग्नाकार्याला जाणं बंद केलंय. हे पण त्या नसांचंच का?

काढून_ठेवलेला_स्टेथो
असू शकतं, जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा बिघडल्या की असे रात्रीचे, न दुखणारे जुलाब होतात. पण गोळ्या, ते शुगर फ्री प्रकार, आतड्यात वाढलेले जंतू, गव्हाची ॲलर्जी हे सगळं आधी तपासून बाजूला काढावं लागतं, आणि त्यातल्या पुष्कळांवर इलाज आहे. लाज वाटते म्हणून लोक वर्ष-वर्ष सांगत नाहीत. वडिलांना म्हणावं डॉक्टरने रोज ह्याहून वाईट ऐकलेलं असतं.

सिडकोचा_राजा
धन्यवाद सर. ह्यावर विनोद सुचत नाहीये, पहिल्यांदाच.

इंदिरानगरची_सून
(तीन आठवड्यांनी) अपडेट द्यायचा राहिला, माफ करा. आधी दुर्बीण झाली. रात्रभर उपाशी होते तरी आत अन्न शिल्लक दिसलं, अडथळा मात्र नाही. मग जठर किती वेळात रिकामं होतं ती टेस्ट. खाण्यात किंचित किरणोत्सारी औषध मिसळतात आणि दर तासाला कॅमेऱ्याखाली उभं करतात. परदेशात अंड्याचं सँडविच देतात म्हणे, अण्णा अंडं खात नाहीत म्हणून इडलीतून दिलं. अण्णांनी "चटणी नाही का?" विचारलं. चार तासांनी पोटात दहा टक्क्यांच्या आत उरायला हवं, अण्णांचं ३४ टक्के. म्हणजे सर म्हणाले तेच.

आता कसं चाललंय ते सांगते. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसात सहा वेळा थोडं थोडं. मेथी, इसबगोल, कच्चं सगळं बंद. दुधी, लाल भोपळा, पडवळ साल काढून मऊ शिजवून, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, ताक, नाचणीचं आंबील गाळून, आणि विश्वास बसणार नाही पण मऊ भात! मोजून छोटी वाटी, डाळीबरोबर. पहिल्या दिवशी मी ताटात भात वाढला तर अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणाले, "रिपोर्ट फार वाईट आला का गं?" त्यांना वाटलं आता शेवटचं म्हणून वाढतेय.

इन्सुलिनचा प्रकार, वेळ आणि डोस डॉक्टरांनी बदलून दिले, ते इथे लिहीत नाही कारण कुणी बघून करेल. जठर हलवणारी एक गोळी आहे, जेवणाआधी. जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही, म्हणून गच्चीवर फेऱ्या मारतात. उलटी त्यानंतर एकदाच, तीही लग्नातल्या पुरीमुळे. ६८ परत दिसलेली नाही. वर २२० पर्यंत जाते अजून, डॉक्टर म्हणाले हळूहळू. नस पूर्ववत होईल असं कुणीच म्हणालं नाही.

तर्कटराव
ताई, उत्तम. आणि नणंदबाई?

इंदिरानगरची_सून
काल फोन आला होता. "बाबांना शुगर असताना भात घालतेस?"

आजीचं_फडताळ
हाहाहा. तिला हा धागा पाठव.

मिसळ_हाच_धर्म
म्हणजे मिसळ नाहीच?

इंदिरानगरची_सून
परवा मटकी मऊ शिजवून, गाळून, तिचं कढण काढलं आणि त्यात अर्धा चमचा काळा मसाला टाकला, तर्री नाही. अण्णांनी वाटी संपवली आणि म्हणाले कॉलेज रोडच्या मिसळीचा वास आला.

मिसळ_हाच_धर्म
डोळ्यात पाणी आलं.

निफाडचा_भो
ताई, बागेत माल उतरायला लागलाय. अण्णांना द्राक्षं चालतील का? पेटी पाठवतो.

आहारवाली
दहा-बारा मणी, मोजून, शुगर बघून. आणि अण्णांच्या जठराला साल जड जाईल, ती काढावी लागेल.

इंदिरानगरची_सून
अण्णांना वाचून दाखवलं. म्हणतात पेटी नको, निफाडच्या भोंनाच पाठवा, साल काढायला.